सोळा तासांचा शेजारधर्म

पूर्वी सातवा महिना लागला की मुलगी बाळंतपणाला माहेरी यायची. आता पुष्कळ घरांत उलटं झालंय. मुलगी न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात असते आणि आईच दुपटी-टोपडी बॅगेत भरून तिच्याकडे जाते. सांगली, जळगाव, अकोला, नाशिक, कुठल्याही गावातली कुठलीही गल्ली घ्या, अशी एक तरी आई निघण्याच्या तयारीत सापडेल. पासपोर्ट, व्हिसा, विमा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांची धावपळ महिनोन्‌महिने चालते. बॅग तर तीन-तीनदा वजनकाट्यावर चढते! पण प्रत्यक्ष विमानातल्या तासांची तयारी मात्र कुणी करत नाही. "त्यात काय करायचंय? बसून तर राहायचं!" असं म्हणून तो विषय संपतो.

मैत्रिणींनो, हे 'बसून राहणं' वाटतं तितकं सोपं नाही. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. विमान थेट गेलं तरी पंधरा-सोळा तास लागतात. वाटेत आखाती देशात किंवा युरोपात विमान बदलायचं असेल, तर घराच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंत दीड दिवस सहज जातो. एअर इंडियाने मे १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानाने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, तेव्हा ते विमान लंडनमार्गे जात असे. वाटेत थांबे असत, पाय मोकळे होत. आता मध्ये थांबणं नाही. सतरा-अठरा इंच रुंदीच्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, आणि हा शेजार सोळा तासांचा!

एस. टी. ढाब्यावर थांबते, आपण चहा पिऊन येतो. रेल्वेत डबा उघडला की समोरच्या बाईंशी ओळख होते आणि त्यांच्या सुनेची तक्रारही कानावर येते. विमानात तसं होत नाही. शेजारचा कानात यंत्र घालून डोळे मिटून बसतो. मग आपल्या बायका काय करतात? अंग चोरून बसतात.

संकोच म्हणजे सौजन्य नव्हे

आमच्या शेजारच्या काकू दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेल्या. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली होती. शेजारी दोन पुरुष, दोघेही झोपलेले. "त्यांना कशाला उठवायचं?" म्हणून काकू उठल्याच नाहीत. उठायला लागू नये म्हणून पाणी प्यायल्या नाहीत. जेवणातलंही निम्मं टाकलं. उतरताना त्यांचे पाय असे सुजले होते की चपलेत मावेनात, आणि एक पोटरी तर दगडासारखी घट्ट झाली होती. नऊ महिने भरत आलेल्या लेकीला आधी आईला घेऊन डॉक्टरांकडे पळावं लागलं. सुदैवाने वेळेवर निदान झालं, औषध मिळालं. पण जिची काळजी घ्यायला गेल्या, तिलाच काळजीत टाकलं.

काकूंच्या मनात दुसऱ्याला त्रास न देण्याचाच विचार होता. लहानपणापासून आपल्याला हेच शिकवलेलं असतं. मोठ्याने मागू नये, मधूनच उठू नये, आपली गरज शेवटी सांगावी. घरात ते चालून जातं, कारण घरात कुणीतरी आपल्या चेहऱ्याकडे पाहून ओळखतं. विमानात ओळखणारं कुणी नसतं. तिथे जो मागतो त्याला मिळतं, आणि जो गप्प बसतो तो बरा आहे असंच सगळे धरून चालतात.

बराच वेळ पाय लोंबकळते ठेवून बसलं की पोटरीतल्या शिरांमधलं रक्त संथ होतं आणि क्वचित तिथे गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. घाबरून जाण्याचं कारण नाही, कारण एकूण प्रमाण सहा हजार प्रवाशांत एक असं छोटंच आहे. पण वय, लठ्ठपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या, घरात कुणाला पूर्वी असा त्रास झालेला असणं, यांनी ते वाढतं. असं काही असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं. ते कधी घट्ट विणीचे खास मोजेही घालायला सांगतात.

बाकी उपाय साधे आहेत. दर तास-दोन तासांनी उठावं. मधल्या वाटेने मागच्या टोकापर्यंत एक फेरी मारावी. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं वीस-पंचवीस वेळा करावं. आणि पाणी पीत राहावं. हे सगळं करायचं तर शेजाऱ्याला उठवावंच लागणार! म्हणून खरा प्रश्न उठवावं की नाही हा नसून कसं उठवावं, हा आहे.

फोनवर सांगायच्या तीन गोष्टी

तिकीट बहुधा मुलगा किंवा लेक काढते. त्याच वेळी त्यांना तीन गोष्टी सांगून ठेवाव्या.

पहिली, जागा मधल्या वाटेलगतची घ्यावी. खिडकीतून ढग दिसतात खरे, पण सोळा तासांत त्यातले बरेच तास अंधारच असतो. वाटेलगत बसलं की मनाला येईल तेव्हा उठता येतं आणि निम्मा संकोच तिथेच संपतो.

दुसरी, जेवण आधीच नोंदवावं. बहुतेक कंपन्यांना निदान चोवीस तास आधी कळवावं लागतं. इथे एक गंमत लक्षात ठेवा. 'हिंदू मील' हे नाव वाचून पुष्कळजणी फसतात. ते शाकाहारी असेलच असं नाही. बहुधा त्यात गोमांस नसतं एवढंच, कोंबडी-मासळी असू शकते. आपलं भाजी-भाताचं जेवण 'एशियन व्हेजिटेरियन' या नावाने मिळतं, आणि कांदा-लसूण चालत नसेल तर 'जैन मील' मागावं. आयत्या वेळी ताट समोर आल्यावर "हे काय दिलंत?" म्हणून त्या मुलीवर चिडण्यात अर्थ नसतो. तिच्याकडे ताटं मोजकीच असतात.

तिसरी, चाकाची खुर्ची. गुडघे धरत असतील, मोठ्या विमानतळावरचं चालणं झेपणार नसेल, तर तिकिटाबरोबरच तशी नोंद करावी. ही मदत मोफत असते आणि ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही. पण धडधाकट माणसाने केवळ रांग चुकवायला खुर्चीत बसू नये. आपल्यामुळे एखादी खरोखर चालता न येणारी आजी दारात ताटकळत राहते.

पाच वाक्यं पाठ करा

इंग्रजी येत नाही, ही पुष्कळ बायकांची मोठी धास्ती. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे ओळखीच्या घरांतून निघालेल्या सासूबाईंना, मावशींना चार वाक्यं शिकवण्याचं काम माझ्याकडे येतं. विमानात संभाषण करायचं नसतं, मागायचं असतं. त्याला पाच वाक्यं पुरतात. एका जाड कागदावर मराठी अर्थासह ती लिहून पर्समध्ये ठेवावीत.

"एक्सक्यूज मी, आय नीड टु गेट अप, प्लीज." म्हणजे मला उठायचंय.

"वॉटर, प्लीज." म्हणजे पाणी हवंय.

"इज धिस व्हेजिटेरियन?" म्हणजे हे शाकाहारी आहे का?

"प्लीज हेल्प मी विथ धिस." म्हणजे हे जरा करून द्या. पट्टा असो, पडदा असो, बॅग असो, सगळ्याला हे चालतं.

"आय डोन्ट फील वेल. प्लीज कॉल द क्रू." म्हणजे बरं वाटत नाही, कर्मचाऱ्यांना बोलवा.

आणि प्रत्येकानंतर "थँक यू". कागदाच्या पाठीमागे विमानाचा नंबर, लेकीचा फोन, चालू औषधांची नावं आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती इंग्रजीत लिहावी. वाक्य आठवलं नाही तर कागद दाखवला तरी काम भागतं. दोन-तीनदा घरात मोठ्याने म्हणून पाहिलं की जिभेला वळण पडतं. नातवंडं हसतील, हसू द्या!

आता शेजारी झोपलेला असेल तर? त्याच्या पायांवरून ओलांडून जाऊ नये. त्यात तोल जातो आणि तोही दचकतो. आधी हळू आवाजात "एक्सक्यूज मी" म्हणावं, नाहीच ऐकलं तर खांद्याला हलकेच बोट लावावं. याहून चांगली युक्ती अशी, की बसल्यावर पहिल्यांदाच हसून नमस्कार करावा आणि सांगून टाकावं की मला मधूनमधून उठावं लागेल. एकदा सांगितलं की पुढच्या वेळी तो माणूस न कुरकुरता उठतो. तो स्वतः उठला की आपणही त्याच वेळी उठून घ्यावं. जेवणाची ताटं यायच्या आधी एकदा जाऊन यावं, कारण ताटं मांडल्यावर अर्धा-पाऊण तास कुणालाच हलता येत नाही.

पोट, कान आणि अंगावरचे कपडे

अंगाला त्रास झाला की माणूस चिडचिडा होतो. तेव्हा विमानात शरीराचं काय होतं ते माहीत असलेलं बरं. बाहेर कितीही उंची असली तरी आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका ठेवलेला असतो. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे आपण महाबळेश्वरच्याही बरंच वर बसलेलो असतो. त्या दाबाला पोटातला वायू फुगतो. चिवड्याची बंद पिशवी विमानात टम्म होते, तसंच पोटाचं! म्हणून निघण्याच्या दिवशी छोले, वाटाणे, कोबी टाळावं, आणि विमानात फसफसणारी पेयंही बेतानेच घ्यावी.

आतली हवा फार कोरडी असते. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, नाक सुकतं. कमी दाब आणि सुकलेलं नाक यांमुळे जेवणाची चवही कमी लागते. तेव्हा वरण अळणी लागलं तर सगळा दोष आचाऱ्याला देऊ नये. ओठांना लावायला मलमाची छोटी डबी जवळ ठेवावी. रिकामी बाटली तपासणीपलीकडे नेऊन तिथल्या नळावर भरून घ्यावी. परदेशी जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात कुठलाही पातळ किंवा लगद्यासारखा पदार्थ साधारणपणे शंभर मिलिलिटरच्या डबीतच नेता येतो, हे विसरू नये. लोणच्याची बरणी तपासणीच्या टेबलावर राहते आणि मग तिथे अश्रू येतात.

विमान उतरू लागलं की कानांत दडे बसतात. आवंढा गिळावा, जांभई द्यावी, गोळी चघळावी. बरोबर तान्हं मूल असेल तर नेमक्या त्या वेळी त्याला अंगावर घ्यावं किंवा बाटली द्यावी, म्हणजे गिळण्याने त्याचे कान मोकळे होतात. दुसऱ्याचं मूल रडत असेल तर भुवया उंचावू नयेत. त्या आईला आपल्याहून जास्त ओशाळं झालेलं असतं. "कान दुखत असतील हो त्याचे," एवढं एक वाक्य तिला पुरतं.

कपडे सैल, सुती असावेत. साडीची सवय असेल तर मऊ साडी चालते, पण लहानशा स्वच्छतागृहात पंजाबी ड्रेस सोयीचा पडतो. पाय थोडे सुजतातच, म्हणून घट्ट बूट नकोत. मोजे आणि एक शाल हवी. पांघरूण घेतलं तर पट्टा त्याच्यावरून बांधावा, म्हणजे पट्टा बघायला कुणी झोपेतून उठवत नाही.

रोजची औषधं मोठ्या बॅगेत कधीच टाकू नयेत. ती पर्समध्ये, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. पर्स समोरच्या खुर्चीखाली ठेवली की दर वेळी वरचा कप्पा उघडून शेजाऱ्यांच्या डोक्यावर हात फिरवावा लागत नाही! न्यूयॉर्कची वेळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते. इन्शुलिन किंवा वेळेवरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायचं ते आधीच विचारून लिहून घ्यावं.

ती मोलकरीण नव्हे

विमानातल्या पहिल्या हवाईसुंदरीचं नाव एलन चर्च. ती परिचारिका होती. १९३० साली तिनेच एका अमेरिकन कंपनीला पटवून दिलं की प्रवाशांची काळजी घ्यायला परिचारिका विमानात असाव्यात. आजही चहा-पाणी देणं हे या मुलामुलींचं दुसरं काम. पहिलं काम आपल्या जिवाचं रक्षण करण्याचं असतं. आग लागली, दारं उघडायची वेळ आली, कुणाची छाती दुखू लागली, तर काय करायचं याचं शिक्षण त्यांना मिळालेलं असतं. नियमाप्रमाणे साधारण पन्नास आसनांमागे एकजण, म्हणजे एकेकाच्या वाट्याला केवढी माणसं आली पाहा.

तेव्हा त्यांना "ए मुली" म्हणून हाक मारू नये, टिचकी वाजवू नये, जाता-येता कपड्याला हात लावून थांबवू नये. खुर्चीजवळचं बटण दाबावं. दोन-तीन गोष्टी हव्या असतील तर एकदमच सांगाव्या. विमान चढताना-उतरताना तातडीचं नसेल तर बटण दाबू नये, कारण तेव्हा त्यांनाही पट्टा बांधून बसायचं असतं. पण तब्येत बरी वाटत नसेल तर एक मिनिटही थांबू नये. पोटरी दुखू लागली, दम लागला, छातीत जड झालं, तर 'उतरल्यावर बघू' हा विचार अजिबात नको. अशा वेळी बोलावण्यात संकोच कसला? त्यासाठीच तर त्या आहेत.

शेजार कसा राखावा

शेजारधर्म आपल्याला शिकवावा लागत नाही. फक्त तो तिथल्या जागेत बसवायचा. दोन्ही हात टेकायचे दांडे मधल्या आसनावरच्या माणसाला द्यावे, कारण त्याला ना खिडकी, ना वाट. खुर्ची मागे टाकायची तर आधी वळून पाहावं, हळू टाकावी आणि जेवणाच्या वेळी सरळ करावी. उठताना पुढच्याच्या खुर्चीला धरून खेचू नये, आपल्याच खुर्चीच्या दांड्यांवर जोर द्यावा. फोनवरची मालिका आवाज चालू ठेवून पाहू नये. आपली जावा-जावांची जोडी वेगवेगळ्या रांगांत बसली असेल, तर लोकांच्या डोक्यावरून गप्पा नकोत.

घरचं खायला जरूर न्यावं. दशम्या, खाकरे, गुळपापडी उत्तम. पण लसणीची चटणी बंद जागेत उघडली की चार रांगांना कळतं. आणि फळं, घरचे पदार्थ तिकडच्या विमानतळावर उतरवून न्यायचे तर विचारतील तेव्हा खरं सांगावं. विमानात मिळालेलं सफरचंदसुद्धा उरलं तर तिथेच ठेवून उतरावं.

जागा बदलून हवी असेल तर विनंती करावी, पण समोरच्याने नाही म्हटलं तर राग मानू नये. त्याने कदाचित त्या जागेसाठी पैसे मोजलेले असतात. स्वच्छतागृहाचं दार बहुधा मध्यभागी दाबलं की आत दुमडतं. कडी लावल्यावर दिवा नीट लागतो. पाण्याचा आवाज न येता एकदम मोठा खेचल्याचा आवाज येतो, दचकू नये. पाण्याचा नळ तिथे शौचासाठी बहुधा नसतो, म्हणून ओल्या कागदाचं पाकीट जवळ ठेवावं आणि वापरलेला कागद कचऱ्याच्या कप्प्यातच टाकावा. निघताना बेसिन पुसून ठेवलं तर पुढच्या बाईचे आशीर्वाद मिळतील.

सौजन्यालाही मर्यादा असते

शेजारी जास्त प्यायला, अंगावर रेलू लागला, नको तसं बोलू लागला, तर मात्र हसून सोडून देऊ नये. त्याच्याशी वादही घालू नये. सरळ उठून मागे कर्मचाऱ्यांकडे जावं, जागा बदलून मागावी आणि घडलेलं त्यांना लिहून घ्यायला सांगावं. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ साली बेशिस्त प्रवाशांबद्दल नियम केले. नुसत्या तोंडी गैरवर्तनालाही तीन महिन्यांपर्यंत, अंगचटीला जाण्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल अशा वर्तनाला दोन वर्षं किंवा अधिक काळ विमानप्रवासाची बंदी होऊ शकते. 'चारचौघांत तमाशा नको' म्हणून गप्प बसणं म्हणजे पुन्हा काकूंसारखं अंग चोरणंच.

चाकं टेकली की सगळे ताडकन उठतात. आपण उठू नये. पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत बसावं, पायांचा व्यायाम एकदा करून घ्यावा. दार उघडून रांग सरकायला वेळ लागतोच. शेजाऱ्याला "थँक यू" म्हणावं, दारातल्या मुलीला नमस्कार करावा.

तेव्हा बॅगेचं वजन तीनदा करण्याऐवजी दोनदा करा, आणि तिसऱ्या वेळचा तो अर्धा तास ही पाच वाक्यं म्हणण्यात घालवा. तुम्ही स्वतः निघाला असाल किंवा सासूबाईंना पाठवत असाल, दोघींनाही हेच सांगणं. पलीकडे वाट पाहणाऱ्या लेकीला लाडू मागाहून मिळाले तरी चालतील. तिला आधी हवी असते ती आपल्या पायांनी दारातून येणारी आई.